भातकुलीच्या हॉलाची लाल फरशी

बार्शीटाकळी, जि. अकोला
दि. ११ फेब्रुवारी २००७, रविवार

आदरणीय शालिकराम सर उर्फ शालिकभाऊ यांस अब्दुल रहीम फरशीवाल्याचा सलाम अन् नमस्कार, दोन्ही. जे आधी पोचते ते घ्या.

तब्येत कशी आहे? तुमच्या आईले, गंगूबाई काकूले, पुण्याचं पाणी मानवलं का? (काकू इथं होत्या तेव्हा उजाडायच्या आत झेंडूच्या वावरात असत. आता चवथ्या मजल्यावर कुंडीतल्या एका झाडाकडे त्या किती वेळ पाहत असतील, याचा मी विचार करतो अन् मंग करत नाही.) इकडे आमी खुशाल आहो. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फोन यासाठी केला नाही, की फोनवर तुमी दोन मिनिटांत 'मीटिंगमध्ये आहे' म्हणता. पत्राले मीटिंग नसते. तुमी शाळेत माह्यापेक्षा दोन वर्ग पुढे, वरून कॉम्प्युटरचे सर, म्हणून 'तुमी' लिहून राहिलो. पुढे रागाच्या भरात कुठं 'तू' लिहिल्या गेलं तर तसंच वाचा. मी खोडणार नाही.

तक्रार करायची म्हटलं की पहिल्यापासून सांगा लागते. अकोल्याले तुमच्या क्लासची फरशी मी बसवली, तेव्हाची गोष्ट. मी गुडघ्यावर बसून कोपऱ्यातली शेवटची रांग लावत होतो अन् मागच्या बाकावरचा एक पोट्टा तुमाले म्हणाला, "सर, मी लेव्हल बनवून राहिलो." मी थापी खाली ठेवली. वीस वर्षं झाली मी लेव्हल काढून राहिलो, पाण्याच्या नळीनं, सुतानं, एक डोळा बंद करून, अन् हे खुर्चीत बसून लेव्हल बनवतात? उठून पाहिलं तर पडद्यावर चौसष्ट बाय चौसष्ट घरांचा चौकोन, बाजूले रंगीत ठोकळ्यांची पेटी, ठोकळा उचला अन् घरात ठेवा. तुमी सांगितलं की हा डॉसच्या जमान्यातला भुयाराचा खेळ आहे, अन् त्याचे डाव आपल्या मनानं रचायची ही खिडकी, हिले लेव्हल एडिटर म्हणतात. मले खेळाशी काही घेणंदेणं नव्हतं. मले तिथं फरशी दिसली. एक घर म्हणजे एक फरशी. गिऱ्हाइकाले कागदावर कितीबी समजवा, त्याले समजत नाही. पण पडद्यावर त्याची बैठक, त्याची ओसरी, पांढऱ्यात निळी नक्षी दिसली की तो मान हालवते.

मंग कापूस बुडाल्याची ती सालं आली, खेड्यातले पोट्टे क्लासले येईनासे झाले, तुमी क्लास आवरला अन् एक कॉम्प्युटर माह्या घरी आणून ठेवला. (तुमचे उपकार मी विसरलो नाही. या पत्रात पुढे तसं वाटलं तरी विसरलो नाही.) माह्या हातात माउस टिकत नाही, सिमेंटनं बोटांची टोकं अशी झाली आहेत की कुठं दाबलं ते त्यायले समजत नाही. म्हणून मी सांगायचो अन् माही घरवाली नसीमबानो काढायची. हळूहळू मी सांगणं कमी झालं अन् तिचं काढणं वाढलं. आमी चौदा घरांचे नकाशे असे काढले. एकाबी गिऱ्हाइकानं फरशी उखडून मागितली नाही.

आता दिवाळीवर येतो. कॉम्प्युटरले व्हायरस लागला होता. तुमी दोन तास बसून तो काढला, अन् असा काढला की एडिटर अन् नकाशे सोडले तर त्याच्यासंगं बाकी सगळं बी गेलं. सुरू केला तर एक काळापांढरा पक्षी दिसला, बदक म्हणावं तर बदक नाही. तुमी म्हणाले, रहीमभाई, हे लिनक्स आहे, याले व्हायरस कधीच लागणार नाही. बरोबर आहे. ज्या घरात माणसालेच शिरता येत नाही तिथं व्हायरस काय शिरणार? एडिटर बिचारा डॉसचा. त्याच्यासाठी तुमी डॉसबॉक्स नावाची पेटी टाकली, म्हणजे लिनक्सच्या पोटात खोटा डॉस अन् त्या खोट्या डॉसच्या पोटात आमचा एडिटर. सगळी तरकीब एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूवर लिहून दिली (जुने चौदा नकाशे सी ड्राइव्हमध्ये, नवीन काढाल ते डी मध्ये ठेवा, असं खाली रेघ मारून), चहा घेतला अन् पुण्याच्या गाडीत बसले.

पहिल्या दिवशी माउस हरपला. डॉसबॉक्सच्या खिडकीत गेला अन् बाहेर येईना. आमी माउस उलटा केला, वायर काढली, परत लावली. नसीम म्हणे, अंदर जाके बैठ गया है, भूक लगेगी तो आएगा. दोन दिवसांनी पत्रिकेच्या कोपऱ्यात दुमडीखाली तुमच्या बारीक अक्षरात सापडलं, की कंट्रोल अन् एफ-दहा संगं दाबलं की तो सुटते. मंग पत्रिकेत लिहिलं होतं की 'डी'पुढं दोन टिंबं द्या. टिंबाची कळ दाबली की भलतंच अक्षर उमटे. नसीमनं एकेक करून सगळ्या कळा दाबून पाहिल्या अन् टिंबं कुठं लपली ते शोधलं, त्या कळेवर टिकली लावून ठेवली. मंग चाल. पहिले इतकी मंद, की ठोकळा आज उचलला तर उद्या खाली टेकन. कंट्रोल एफ-बारा दाबत गेलो तर एवढी सुसाट झाली, की एक फरशी ठेवायले गेलं तर पूर्ण रांग लाल. अन् हे सगळं लाइट असली तर. इथं बारा-बारा तास लोडशेडिंग आहे. एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं.

जानेवारीत काम आलं. भातकुलीचे केशवराव, रस्त्याले लागून त्यायचं वावर आहे, तिथं त्यायनं मंगल कार्यालय काढलं. मले म्हणाले, मिस्त्री, वावरात आता काही राहिलं नाही, पण लोकं लग्नं करणं तर बंद करणार नाहीत. (आमच्या गल्लीत यंदा एकच लग्न आहे, अन् तेबी पुढं ढकलल्या गेलं.) चाळीस बाय साठ फरश्यांचा हॉल! अख्ख्या वर्षात कोणी न्हाणीची फरशी सांगितली नाही, अन् हे एकदम हॉल. अट एकच. नकाशा कॉम्प्युटरवर दाखवा, नाही तर अमरावतीचा ठेकेदार दाखवायले तयार आहे.

नसीमनं चौकटीच्या वहीत आधी रंगीत पेनानं काढलं. पांढऱ्या जमिनीवर चारी बाजूनं लाल पट्टा, आतून निळी वेल, स्टेजपुढे लाल चौफुला अन् मधात हिरवं फूल. शालिकभाऊ, मी माह्या जन्मात एवढी सुंदर फरशी पाहिली नव्हती, अन् मी हे तिले सांगितलं नाही. मंग कॉम्प्युटरवर काढलं, डी मध्ये ठेवलं. लाइट गेली. लाइट आली तर नकाशा नाही. दुसऱ्यांदा काढला, लाइट गेली, नकाशा नाही. आमी समजलो की लाइट जाते म्हणून मिटते. तेव्हा नसीमनं ठरवलं की वही घेऊन भातकुलीलेच जायचं, अन् त्यायच्यासमोर, लाइट असतानीच, एका बैठकीत काढायचं.

कॉम्प्युटर एसटीनं नेला. मॉनिटर वाकळीत गुंडाळून माह्या मांडीवर, सीपीयूचा डबा नसीमच्या मांडीवर. अकोल्याले गाडी बदलताना कंडक्टरनं वाकळीवर हात ठेवून विचारलं, आजारी हाय का? मी म्हटलं, हो.

केशवरावांच्या बैठकीत नसीमनं दोन तासांत नकाशा काढला. केशवराव, त्यायच्या घरच्या बेबीताई, अन् गल्लीतले दहाबारा जण मागे उभे. लाल पट्टा पूर्ण झाला तेव्हा बेबीताई "आता गं माय!" म्हणाल्या, ते अजून माह्या कानात आहे. काम आमाले मिळालं होतं, शालिकभाऊ. केशवराव तारीख काढायले कॅलेंडरकडे निघाले होते. एवढ्यात बेबीताईनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "दारात हा बुटका कोन हाय?"

तो बुटका तुमालेबी माहीत आहे. तो खेळातला गडी, त्याले ठेवल्याशिवाय एडिटर नकाशा घेतच नाही. मी म्हटलं, पाहुणा आहे. केशवराव परत फिरले अन् हासत म्हणाले, "मंग दारात काहून उभा केला? येऊ द्या ना त्याले आत." अन् नसीमनं हात धरायच्या आत त्यायनं वरच्या रांगेतली एक कळ दाबली.

आमी पाच वर्षांत कधी तो खेळ सुरू करून पाहिला नव्हता. लाल ठोकळा म्हणजे लाल फरशी, एवढंच आमाले ठाऊक. तो बुटका हॉलात शिरला, चाल आमीच सुसाट करून ठेवलेली, दोन पावलांत लाल पट्ट्यावर गेला अन् किंकाळी मारून जळाला. लाल म्हणजे आग होती. तो परत दारात उभा राहिला, परत आत गेला, परत जळाला. केशवराव कळा दाबत होते थांबवायले, अन् प्रत्येक दाबण्यासरशी तो आत जात होता. तिसऱ्या डावात तो आगीतून कसाबसा निसटून स्टेजपाशी पोचला, तर मधातलं हिरवं फूल उठलं अन् त्याले गिळून बसलं. ते फूल नव्हतंच. खेळ बंद करायची तरकीब पत्रिकेवर होती अन् पत्रिका बार्शीटाकळीत होती. मी लाइट जायची वाट पाहत होतो. जे बाई जिल्ह्यात बारा तास नसते, ते त्या दिवशी गेली नाही! शेवटी नसीमनं भिंतीतून वायर ओढली.

केशवराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "मिस्त्री, ह्या हॉलात पयलं लगन माह्या पोरीचं हाय."

मी मॉनिटर वाकळीत बांधायले लागलो. पण बेबीताई फाटकापर्यंत आल्या अन् नसीमचा हात धरून म्हणाल्या, "लाल काढून दुसरा रंग टाकता येते का वो? मले वेल पसंत हाय. बेस्तरवारी आना. यायले मी समजावतो." शालिकभाऊ, त्या बाईचे पाय धरावे वाटले.

घरी येऊन नसीमनं तीन दिवस एकेक ठोकळा दारात ठेवून, बुटक्याले त्याच्यावर चालवून पाहिलं. पिवळा चालते, करडा चालते, निळ्यात बुडते, जांभळा चालते. लालच्या जागी जांभळा, निळ्याच्या जागी करडा, फुलाच्या जागी पिवळी चांदणी. बुटका दारातून स्टेजपर्यंत गेला अन् सुखरूप परत आला. बुधवारी नकाशा डी मध्ये ठेवला. त्या वेळी लाइट होती. कॉम्प्युटर नीट, रीतसर बंद केला. आता लाइटचा काही संबंधच नाही, म्हणून मीच म्हटलं, वही कशाले ओझं, ठेव घरी.

बेस्तरवारी भातकुलीत सगळ्यांसमोर डी उघडलं. रिकामं. नकाशा नाही, काहीच नाही.

आता जे झालं ते लिहायले जड जाते. दहाबारा माणसं पाहत होते. मी नसीमले म्हटलं, "तूच पुसलं असशील." तिनं माह्याकडे पाहिलं अन् एवढंच म्हणाली, "मैंने हाथ भी नहीं लगाया जी." अन् मी, शालिकभाऊ, मी तरीबी गप बसलो नाही. म्हटलं, मंग काय भुतानं पुसलं? तीन दिवस तूच बसली होती ना तिथं? बेबीताईनं मान खाली घातली. केशवरावानं आमाले चहा पाजला, जिन्याच्या खाली सोडायले आले, अन् सांगितलं की हॉलात साधी पांढरी फरशी टाकतो, ठेकेदाराचे लोक सोमवारी येऊन राहिले.

परतीच्या गाडीत नसीम बायांच्या सीटवर बसली, डबा मांडीवर घेऊन. अकोल्याले स्टँडजवळ करिश्मा नावाची पोरगी इंटरनेटचं दुकान चालवते, तिच्याकडे मी कॉम्प्युटर नेला. तिनं काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप केल्या अन् हासली. म्हणाली, "काका, तुमचं हे डी म्हणजे लिनक्सचं टीएमपी हाय. कच्च्या सामानाची टोपली. मशीन सुरू झालं का थे पयले टोपली झाडून टाकते. ज्यानं कोनी लावून देलं, त्याले इचारा."

तेच विचारून राहिलो. शालिक, तू सर आहेस ना? दहा वर्षं क्लास चालवला ना? आमचा नकाशा तू कचऱ्याच्या टोपलीत ठेवायले सांगितला अन् त्याच्याखाली रेघ मारली?

नसीम तिथंच उभी होती. सगळं ऐकलं. तेव्हा मी तिले म्हणायले पाहिजे होतं, की माहं चुकलं. मी म्हटलं, "चला, समजलं तरी." आज दहा दिवस झाले. जेवायले वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही.

काम नाही, म्हणून परवा दुपारी मी एकटाच कॉम्प्युटरपुढे बसलो. सी मधले जुने चौदा नकाशे होते ते काढले अन् खेळ सुरू केला. बुटक्याले घेऊन एकेका घरात गेलो. पंजाबराव मास्तरांची ओसरी: मास्तर सुरतेले पोराकडे गेले, घराले कुलूप. पेठेतल्या आडत्याची बैठक: आता तिथं कडबा भरला आहे. पिंजरच्या रस्त्यावरचं ते चार खोल्यांचं, जिथं नसीमनं पहिल्यांदा वेल काढली, ते विकल्या गेलं अन् नवीन माणूस अजून राहायले आला नाही. चौदापैकी नऊ घरं बंद आहेत, मी मोजले. प्रत्येक घरात बुटका दोन पावलांत जळे, चाल सुसाट असल्यानं मले काही पाहताच येईना. तेवढ्यात मागून नसीमचा हात आला. तिनं कंट्रोल एफ-अकरा पाच-सहा वेळा दाबलं अन् परत चुलीपाशी गेली. बुटका मंग माणसासारखा चालायले लागला, अन् आग टाळत टाळत मी मास्तरांची पूर्ण ओसरी फिरलो. फरशी चांगली बसली होती. एकाबी ठिकाणी लेव्हल चुकली नव्हती.

बस. आणखी काय लिहू? डोक्यावरून ओझं उतरावं म्हणून लिहिलं, ते काही उतरलं नाही. काकूले सलाम सांगा. तुमच्यावर राग आहे, पण तो तुमी समोर आले तर राहणार नाही, म्हणून एवढ्यात येऊ नका.

तुमचा, ज्याले तुमी लिनक्स दिलं तो,
अब्दुल रहीम

ता. क. : तुमी एक पत्र नसीमच्या नावानं वेगळं लिहा. त्यात लिहा की टोपलीची चूक तुमची होती, अन् रहीमभाईले लय पस्तावा आहे, तुमाले तसं त्यायनं कळवलं आहे. (कळवलं समजा.) तुमचं अक्षर पाहून ती वाचन. माह्याकडून तोंडानं निघत नाही. तीनदा चुलीपाशी जाऊन आलो, तिन्ही वेळा पाणी मागितलं.

ता. क. दुसरा : खरं तर एवढं मोठं पत्र यासाठी लिहिलं, की तिकडे बिल्डिंगा बांधून राहिले असं ऐकतो. फरशीवाल्याची गरज असते का? एखाद्या ठेकेदाराले विचारून पाहा. मी एकटाच येईन. एकटा कुठंबी झोपन. नसीमले अजून सांगितलं नाही, तुमीबी सांगू नका. नकाशाचं काम तिकडे शिकलेले लोक करत असतील, मी सांगतील तशी बसवन. गुडघे अजून चांगले आहेत.

ता. क. तिसरा, दुसऱ्या हातचा : भाऊजी, सलाम. पाकीट चिकटवायले यायनं माह्याजवळ दिलं, म्हणून वाचलं. माफीचं पत्र पाठवू नका. ज्याले म्हणायचं आहे तो इथंच आहे, मले घाई नाही. कामाचं पाहा, पण एकट्याचं पाहू नका, दोघायचं पाहा. मी वहीवर नकाशा काढतो, रंग सांगतो, सांधे भरतो, फरशी घासतो. यायले उन्हात चक्कर येते, ते यायनं लिहिलं नाही. एक खोली पाहून ठेवा. खाली माती असली तरी चालते, ते आमी पाहून घेऊ.
— नसीमबानो